वीस मिनिटांची कात्री

लेक दिपमाला लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी आली होती, आणि भर दुपारी रुपचंद नाना पोराच्या सिनेमातल्या चुका काढत होते. सातवी सापडली तेव्हा त्यांनी टीव्ही थांबवायला लावला.

"तीन महिना मांगे गया म्हनस ना तू?" त्यांनी प्रेमराजला विचारलं. "मंग केयी निसवेल कशी? पहिला सीनमा ते घडना पत्ता नव्हता."

सिनेमातला काळ तीन महिने मागे गेला होता, नानांची केळीबाग मात्र तीन महिने पुढे जाऊन घडांवर आली होती. थंडीत मध्येच शूटिंग बंद पडलं होतं, आणि केळी कुणासाठी थांबत नाही.

प्रेमराज एरवी लग्नांचे व्हिडिओ काढायचा. पण त्याने अहिराणीत मारामारीचा सिनेमा काढला आणि त्यात काळ उलटा फिरवला. जमिनीवर पडलेला घड उडून झाडाला चिकटतो. सुटलेली गोळी पिस्तुलात परत जाते. हिरो सरळ धावतो आणि त्याच वेळी खलनायक उलटा. हे शेवटचं संगणकावर होण्यासारखं नव्हतं. म्हणून खलनायक झालेल्या शेजारच्या निंबाने महिनाभर उलटं चालायचा सराव केला. दोनदा तो गव्हाणीत बसला. एकदा थेट सासऱ्यांच्या अंगावर गेला आणि वर त्यांनाच म्हणाला, "दिखत नही का?"

घड झाडावर चढला तेव्हा नानांनीही मान डोलावली होती. "हाई झकास शे. चाळीस वरीस घड उतारा, चढताना आज देखा."

पण बाकी त्यांनी सोडलं नाही. "कोनी तोंड उघडं का तुना बाजा सुरू. पंपजोडे बसीसन पिच्चर देखी राहिनू असं वाटस. आनि तुना हिरो बठ्ठा गाव वाचाडस, पन गावमा एक मानूसना नाव त्याले माहीत नही. लोकस्ले समजाले पाहिजे, प्रेमराज."

सगळ्यात ढळढळीत चूक वेगळीच होती. हिरोच्या आईचं काम नानांच्या बायकोने, भिकुबाईने केलं होतं. आवाज मात्र गल्लीतल्या बेबाबाईचा लावलेला. पडद्यावर भिकुबाई हळूच ओठ हलवायची आणि खोलीत बेबाबाई कडाडायची. नानांनी ही चूक काढली नाही.

चोपड्याच्या टॉकीजचे मालक चुडामणभाऊ या घरी पहिल्यांदाच आले होते. सिनेमा त्यांच्यासाठीच लावला होता. ते हो म्हणाले तर आठवडाभर चालणार होता. नाही म्हणाले तर प्रेमराजची दोन वर्षांची मेहनत त्याच्या लॅपटॉपातच राहणार होती.

सिनेमा संपला. भाऊंनी आमरसाची वाटी बाजूला ठेवली.

"मारामारी एक नंबर," ते म्हणाले. "आठवडा देतो. पण वीस मिनिटं कमी कर. लोक कुठे चहाला उठतात ते मला बरोबर कळतं. आईचं सगळं काढ. तिला गोळी लागते, हिरो रडतो, गाव रडतं, मग ती उलटी उठते. गोंधळ नुसता. तेवढं काढलं की वीस मिनिटं भरतात."

निंबा पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. आत दिपमालाचं लाटणं थांबलं. प्रेमराजने एकदा भाऊंकडे आणि एकदा बापाकडे पाहिलं.

"नाना, तुम्हीच सांगा."

"तो उठाना सीन लाव," नाना म्हणाले.

प्रेमराजने लावला. अंगणात पडलेल्या भिकुबाईच्या छातीवरचा लाल डाग आटत गेला. पदराची धूळ जमिनीवर उतरली. ती उठून बसली, उभी राहिली, उलट्या पावलांनी चुलीपाशी गेली. थापलेली भाकर तिच्या हातात आक्रसून पुन्हा पिठाचा गोळा झाली. दोन मिनिटांचा सीन होता. नानांनी तो परत लावायला सांगितला आणि परत पाहिला.

"तिनं मरनं बठ्ठं काढी टाक," ते म्हणाले. "उठनं राहू दे."

भाऊ हसले. "अहो नाना, बाई मेलीच नाही तर उठते कशी? लोकांना काय समजणार?"

"नही समजनं ते नही समजनं. कमी पडतीन त्या दोन मिनिटं गाना काढीसन पुरा कर."

भाऊंनी खांदे उडवले. घड झाडावर चढतो एवढ्यावर आपली टॉकीज भरेल असा त्यांचा हिशेब होता, आणि तो चुकला नाही.

जूनमध्ये सिनेमा लागला. घडाला शिट्ट्या पडल्या. निंबा उलटा पळाला तेव्हा लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मग ऐन मारामारीत, काही कारण नसताना, एक म्हातारी अंगणातून उठली आणि उलटी चालत चुलीपाशी जाऊन बसली. टॉकीजभर हशा झाला. "हाई बाई कोन शे?" मागून कुणीतरी विचारलं. कुणालाच सांगता येईना. सिनेमातली सर्वात मोठी चूक ती, असं पुढे तालुकाभर ठरलं.

नाना सातही दिवस दुपारच्या खेळाला आले. म्हातारी चुलीपाशी बसली की उठायचे आणि यष्टी पकडून घरी जायचे. चुकीबद्दल त्यांना कुणी विचारलं तर म्हणायचे, "शे ना. मीच करेल शे ती."

भिकुबाई तो सीन शूट झाल्यावर चौथ्या दिवशी, गेल्या अकरा डिसेंबरच्या सकाळी, वारली होती.