आमच्या घरी चालत नाई

"मी नाई होत देवदूत," दिव्यानी म्हणाली आणि बस म्हणायच्या आधीच खाली बसली.

सातवीचा सगळा वर्ग वळून तिच्याकडे पाहू लागला. सिस्टर रोझलिनच्या हातात पुठ्ठ्याचे पांढरे पंख तसेच राहिले. मूल गावाजवळच्या या मिशनच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या, आणि सातवीचा नीतिशिक्षणाचा तास कुणाला म्हणून देत नसत. बाकी विषय सगळ्या शाळांत असतात तेच: पूर्णांक, पेशी, शिवकाल, मॉन्सूनचे वारे. नीतिशिक्षणाला मात्र डिसेंबरात नाताळचं नाटक बसवायचं आणि त्यावरच मार्क द्यायचे, अशी शाळेची जुनी रीत. वर्गात ख्रिस्ती मुलं बोटांवर मोजण्याइतकी, बाकी सारी धान पिकवणाऱ्या घरांतली. नाटकात सगळीच असत.

"का नाही? तुझा आवाज वर्गात सगळ्यांत खणखणीत आहे."

"आमच्या घरी चालत नाई."

"मार्क जातील."

"जाऊ द्या." मान ताठ ती ताठच.

मागच्या वर्षी कुणीतरी आवई उठवली होती, शाळा पोरं बाटवते म्हणून. दोन हुशार मुलं दाखला घेऊन गेली होती. सिस्टर तेव्हा चॅपेलमध्ये बसून रडल्या होत्या. आता ही तिसरी. तशी पोरगी विचित्रच. लहानग्या येशूच्या भीतीने हेरोद राजाने तान्ही बाळं मारायचा हुकूम दिला, हा पाठ शिकवताना वर्गातल्या मुलींचे डोळे भरून आले होते. हिने हात वर करून विचारलं होतं, "सिस्टर, हुकूम देतानी तो हासला काय?" पुस्तकात तसं काही दिलेलं नव्हतं.

त्यांनी वडिलांना निरोप धाडायचं ठरवलं आणि शिपायाला हाक मारली.

"सुकलू, दिव्यानीचे वडील माणूस कसे आहेत?"

"मुखरूभाऊ?" सुकलूने कानाला हात लावला. "बापा! लई जहाल. मागच्या हिवाळ्यात आमच्या गावात सख्ख्या वैनीले लेकरासकट घराबाहेर काढलं त्यानं. समदं गाव बसून पाहून राह्यलं होतं, एक जण उठला नाई. माही बायको आजही त्याच्या नावानं बोटं मोडते."

"आणि पोलीस?"

"पोलीस बी होते ना. त्ये बी बसूनच होते."

सिस्टरनी पदराची पिन नीट केली. असल्या माणसापुढे वाकायचं त्यांच्या रक्तात नव्हतं. नाटक गेलं खड्ड्यात, पण पोरगी शाळेतून जाता कामा नये, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

"बोलाव त्यांना," त्या म्हणाल्या. "मी बघते."

मुखरू दुसऱ्या दिवशी आला तो ऑफिसात न थांबता थेट सातवीच्या दारात. उंचपुरा गडी, दांडग्या मिशा, जागरणाने तांबारलेले डोळे आणि पापण्यांच्या कडा काळ्या. पहिल्या बाकावरच्या पोरांनी पाय आत ओढून घेतले.

"माह्या पोरीले देवदूत केलं तुमी?"

तो ओरडला नव्हता, तरी व्हरांड्याच्या टोकाला सुकलू दचकला.

"केलं. नाटकात," सिस्टर म्हणाल्या.

"त्येच तं म्हणतो मी. माह्या बापानं जे केलं, त्याच्या बापानं जे केलं, त्येच मी करतो. अन् त्येच माही पोरगी करणार. हे घराणं मले बाटवाचं नाई."

तो शब्द आलाच. सिस्टरनी पंख टेबलावर आपटले.

"इथं कुणाला बाटवत नाहीत, मुखरूभाऊ. इथं गणित शिकवतात, विज्ञान शिकवतात, दुसऱ्याच्या ताटातलं ओढू नये हे शिकवतात. तुम्ही गावात कुणाला घराबाहेर काढत असाल, इथं माझ्या वर्गातून कुणाला काढायचं नाही. देवदूत नको तर नको, मी सक्ती करणार नाही. पण दाखला मागायला आला असाल तर तो मिळणार नाही. काय करायचं ते करा!"



मुखरूने मिशीवरून हात फिरवला. एकदा पोरीकडे पाहिलं. पोरगी बापाकडे पाहत होती, त्याच ताठ मानेने.

"दाखला कोण मांगते?" तो म्हणाला. "मले येवढंच सांगा, लेकरं मारणारा तो राजा कोण होऊन राह्यला?"

"हेरोद?" सिस्टर गोंधळल्या. "निकेश."

मागच्या बाकावरचा किरकोळ निकेश चाचरत उभा राहिला.

"ह्याले पोटातून हासता तरी येते काय?" मुखरू कळवळून म्हणाला. "सिस्टरबाई, तीन पिढ्या झाल्या, वडशाच्या नाटक कंपनीत खलनायक आमच्याच घरचा असते. अन् तुमी माह्या पोरीले पंखं लावून राह्यले?"