डाग कुणाकडचा?

हुबळीच्या हणमंतअण्णांची रूपाली आणि धारवाडच्या शिवरामअप्पांचा मयूर, यांचा साखरपुडा झाला. त्या आनंदात दोन्ही व्याह्यांनी आपापल्या काळ्याभोर कॉकर जातीच्या कुत्र्यांचंही जमवून टाकलं. पिल्लं झाली, तर त्यातली दोन पांढऱ्या ठिपक्यांची!

"अय्यो अण्णा, तुमच्या राणीनं गल्लीत शेण खाल्लं की हो!" अप्पा म्हणाले.

"आमची राणी एकटी दाराबाहेर पाऊल टाकत नाही. तुमच्या टायगरच्याच खानदानात खोट हाय," अण्णा भडकले. "असल्या घरात मी पोरगी देत नसतो!"

रूपाली रडायला लागली, तसं मयूरनं दोघांना धरून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंपुढं बसवलं. बाईंनी पिल्लांची डीएनए तपासणी केली आणि सांगितलं, "पिल्लं याच दोघांची आहेत. पांढऱ्या रंगाचा जीन आई आणि बाप, दोन्हीकडून आला तरच असे ठिपके दिसतात. म्हणजे तो तुमच्या दोन्ही घरांत लपलेला होता."





लग्न ठरल्या तारखेलाच आहे. फक्त त्या डॉक्टरीणबाईंना पत्रिका द्यायची नाही, यावर दोन्ही घराण्यांचं एकमत झालंय.