तासाभराची मुदत

सांगतो ते तुम्हाला खरं वाटणार नाही, लावा पैज. इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजात मी वायफाय सांभाळायचो. आवारात मोबाइल शिरला, की यंत्र त्याला तासाभरासाठी नंबर देतं, आणि मोबाइल आवारात कुठं आहे तेही यादीत दाखवतं. अर्धा तास झाला की मोबाइल आपणच मुदत वाढवून मागतो. मोबाइल निघून गेला की नंबर सुटतो.

सांगवीच्या श्रियाचा सुटला नाही.

परीक्षेला तिचा मोबाइल मी काढून घेतला होता. पेपर संपल्यावर हातात परत दिला, शप्पथ. त्या संध्याकाळी पोरगी घरी पोचलीच नाही.

तीन वर्षं झाली. तिची आई यशोदा दर सोमवारी येते.

"आबा, यादीत हाय का वं?"

"हाय. सकाळपास्नं मुदत मागतीया."

"मंग मोबाइल तिच्यापाशी हाय. जित्ती हाय माजी पोर," म्हणत ती माघारी जाते.

पहिल्या वर्षी तो नंबर फाटकाजवळ दिसायचा. मग वाचनालयात, मग जिन्यात. मी पुसला, यंत्र बंद करून पाहिलं. चालू करताच यादीत पहिला तोच. काल तो आमच्या यंत्राच्या खोलीत आला.

माझ्या जागी आलेल्या वाजिदला हे रंगवून सांगत होतो. माझं कपाट आवरता आवरता तो हसत होता. मग त्यानं आतून काहीतरी ओढून काढलं. त्याच्या हातात धुळीनं माखलेला, श्रियाच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेला एक मोबाइल होता, आणि तीन वर्षं चार्जर न लागलेल्या त्या मोबाइलचा पडदा हळूहळू उजळत होता.

"खोटं, आबा," तो म्हणाला. "ह्यो तुमी तिला दिलाच न्हाय."