ऐंशी मिनिटांपूर्वीची कारंजी

अकरा वर्षं ताई एकच पालुपद धरून बसल्या होत्या, की त्या दूरच्या चंद्रावर बर्फाची कारंजी उडतात. "लेन्सवरची धूळ हो ती, ताई," असं म्हणून मोहिमेचे प्रमुख हसायचे. आज दुपारी त्या चंद्राजवळच्या यानाचा कॅमेरा कायमचा बंद होणार होता, म्हणून सगळे नियंत्रण कक्षात पडद्यासमोर जमले होते.

आणि यानाकडून येत असलेल्या शेवटच्या चित्रफितीत ती दिसली! काळ्या आभाळात पांढरीशुभ्र सात कारंजी.

"हरलो बुवा! धूळ माझ्याच डोळ्यांत होती!" प्रमुख ओरडले. टाळ्यांनी असा ठेका धरला की ताईंचे डोळे भरून आले.

मग त्यांच्या लक्षात आलं, की कारंजीही त्याच ठेक्यावर उसळताहेत. टाळ्या थांबल्या, तशी कारंजीही खाली बसली.

पण तिथलं दृश्य इथे पोचायला ऐंशी मिनिटं लागतात. ऐंशी मिनिटांपूर्वी या खोलीत टाळी वाजवायला कुणाला कारणच नव्हतं.

पडद्यावर एकच बारीक कारंजं उडालं. त्यानंतर, राहवेना म्हणून, मागे प्रमुखांनी आणखी एक टाळी वाजवली.

"ताई, बोला ना दोन शब्द!"

ताई बोलणार, तोच सातही कारंजी कधी नव्हती इतकी उंच उसळली. खोलीत अजून कुणीच हात उचलला नव्हता.

ताईंनी खाली पाहिलं. त्यांचे स्वतःचे हात आनंदाने वर येत होते.