तिसरी परीक्षानळी

तिसऱ्या परीक्षानळीत बुडबुडे आलेच नाहीत.

मुकुंदरावांनी ती खिडकीच्या उजेडात धरून हलवली. सौम्य सल्फ्युरिक आम्लात पांढरी भुकटी हळूहळू विरघळली, नळी कोमट झाली, एवढंच. अवंतिका शेजारी कागद घेऊन उभी होती.

जयेंद्रगंजमधल्या त्या कॉलेजात आज बीएस्सी पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाकीची मुलं आटपून गेली होती. प्रयोगशाळेत हे दोघेच उरले होते. मुकुंदरावांनी कंपू भागातल्या एका शाळेत एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. अवंतिका दहावीपर्यंत त्यांच्याच वर्गात होती.

“विचार ना,” ते म्हणाले. “टेन्शन कशाला घेतेस?”

तिने कागदावर नजर टाकली. “पहिल्या नळीत काय झालं, सर?”

“मॅग्नेशियमची फीत होती. आम्लात पडताच फसफसली. तोंडाशी जळती काडी नेली तर फट्कन आवाज झाला. म्हणजे हायड्रोजन.”

“पण दुसरीतही फसफसलंच.”

“तिथे काडी विझली. तो वायू चुन्याच्या निवळीत सोडला, तर निवळी दुधाळ झाली. म्हणजे कार्बोनेट. तिसरीत वायूच नाही, म्हणून ऑक्साइड.”

“हायड्रॉक्साइडसुद्धा असू शकतं ना, सर?”

मुकुंदरावांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. मग चिमूटभर कोरडी भुकटी नव्या नळीत घेतली आणि बर्नरवर धरली. दोघंही काचेकडे बघत राहिले. वरच्या भागावर पाण्याचा एकही थेंब जमला नाही.

“हायड्रॉक्साइड असतं तर तापल्यावर पाणी सुटलं असतं,” ते म्हणाले. “ऑक्साइडच आहे. पण हे मला आधी सुचायला हवं होतं.”

“आणि तिन्ही नळ्यांत शेवटी काय उरलं?”

“मॅग्नेशियम सल्फेट. आधी काय होतं, ते त्याच्याकडे बघून कोणी सांगू शकत नाही.”

सहायक संग्रामसिंह दारात आला. “मॅडम, नंबरों की शीट दे दीजिए. लिफाफा सील करना है.”

अवंतिकाने हातातला कागद टेबलावर ठेवला. रोल नंबर चौदापुढे पन्नासपैकी बेचाळीस लिहिले, परीक्षक म्हणून सही केली आणि कागद पुढे सरकवला. परीक्षार्थीच्या रकान्यात मुकुंदरावांनी सही केली. संग्रामसिंह शीट घेऊन गेला.

“सर, रागावू नका,” ती म्हणाली. “शाळेच्या फलकावर तुमच्या नावापुढे बीएस्सी लिहिलेलं मी रोज वाचायचे. पदवी असताना या वयात परत ही परीक्षा कशाला?”

मुकुंदरावांनी पेनाला टोपण लावलं.

“ती खोटी होती, बेटा.”