बाग तोडली त्या दिवशी

आरोग्यखात्याच्या माणसाने काचेची बाटली कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि विचारलं, "मावशी, ही तुमच्याकडची का?"

बाटलीत अडुळशाची फांदी होती. तिला खाली पांढरी मुळं फुटली होती, आणि मुळांच्या आजूबाजूला बारीक अळ्या वळवळत होत्या.

"कुठे मिळाली?"

"शेजारी. मागच्या खिडकीबाहेर, कठड्यावर. आतून पडदा ओढलेला, घरात कुणाला ठाऊक नसावी. मला बोळातून दिसली. फांदी तुमच्या झाडाची वाटली, म्हणून आधी इकडे आलो."

फुलपाखरूआजीने बाटली केव्हाच ओळखली होती. फांदी तिनेच कापून दिली होती. शेजारच्या ड्रायव्हरची मुलगी शाळेतून आली की पाठीवरच्या दप्तरासकट या कुंपणाला लटकायची; म्हातारीला हे नावही तिनेच पाडलेलं. आमच्या खिडकीतपण फुलपाखरं आली पाहिजेत, म्हणून ती हटून बसली, तेव्हा आजीने बाटलीत पाणी भरून तिच्या हातात दिली. मुळं फुटली की दाखव मला, म्हणाली. ते दाखवायचं राहूनच गेलं. पोरीला ताप भरला, तपासणीत डेंगी निघाला, आणि दवाखान्यात नेलेली मुलगी परत आलीच नाही.

तेव्हापासून ड्रायव्हरने गाडीला हात लावला नव्हता. दारात बसून येईल-जाईल त्याला सांगायचा, या म्हातारीच्या जंगलाने माझी पोर खाल्ली. आरोग्यखात्याला त्यानेच बोलावलं होतं.

"तुमची बाग मी कोपरा न् कोपरा पाहिली," माणूस म्हणाला. "रुईच्या पानांवर अळ्या आहेत, पण त्या फुलपाखरांच्या. डासांची एक नाही. पाण्याची ताटलीसुद्धा तुम्ही रोज पालथी करता, दिसतंय. आता त्यांना हे बाटलीचं सांगावं लागणार."

"याच बाटलीतला डास चावला का तिला?"

"ते कोण सांगणार? शाळेत चावला असेल, रस्त्यात चावला असेल."

"मग माझ्या बागेत सापडलं म्हणून सांगा."

"मावशी, असं कसं सांगू?"

"पोरीने स्वतःच्या हाताने ठेवली ती खिडकीत. हे ऐकल्यावर तिच्या आईने त्या खोलीत कसं राहायचं?"

माणसाने शेजारच्या घराकडे पाहिलं. पडदा अजून ओढलेलाच होता.

"मग बाग ठेवता यायची नाही तुम्हाला. तो गप्प बसणार नाही."

"काढते."

तिने बाटली उचलली आणि कोरड्या मातीवर उपडी केली. अळ्या क्षणभर तडफडल्या आणि मातीत दिसेनाशा झाल्या. माणूस खाली मान घालून शेजारी गेला. तिथे तो काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही. ती कोयता शोधत होती.

पहिला हात तिने खुळखुळ्याच्या झाडांना लावला. त्याच्या बिया तिने पडीक जागांतून, रुळांच्या कडेने फिरून वेचून आणल्या होत्या. रोपवाटिकेतला माळी हसला होता, मावशी तण कोण लावतं म्हणून. पिवळ्या फुलांनी भरलेली झाडं एकेक करत आडवी झाली. ती तिने कुंपणाशी रचली. मग रुई. तिचं खोड मात्र म्हातारीला दाद देईना. घाव बसला की चीक गळायचा, कोयता हातातून निसटायचा.

फाटक वाजलं. ड्रायव्हर आत आला. तो आता शिव्या देईल म्हणून ती खाली मान घालून उभी राहिली.

"सरका," तो म्हणाला आणि त्याने कोयता तिच्या हातातून घेतला.

त्याने रुई तोडली. अडुळसा तोडला. लिंबाच्या काट्यांनी कोपरापर्यंत रक्त आलं, तरी थांबला नाही. म्हातारी मागून फांद्या ओढत राहिली. मध्येच एकदा तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "आधीच का नाही तोडलीत?"

"आधीच तोडायला हवी होती, बाबा," ती म्हणाली.

तोडण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तो तिच्या पायरीवर बसला. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. घटाघटा पाणी प्यायला, डोकं भिंतीला टेकलं, आणि तसाच झोपून गेला.

उन्हं उतरल्यावर त्याची बायको शोधत आली. म्हातारी त्याला हाक मारायला वाकली, तर तिने घाईने हात धरला.

"नका उठवू, मावशी. ती गेल्यापासून डोळ्याला डोळा लागला नव्हता यांचा."

मग तिने बागेकडे पाहिलं. नुसते खुंट आणि उकरलेली माती. पण कुंपणाशी तोडून टाकलेल्या खुळखुळ्याच्या ढिगावर फुलपाखरं बसली होती. काळी-निळी, नारिंगी, एकमेकांना खेटून. उभ्या बागेत कधी इतकी आली नव्हती. सगळा ढीग पंखांनी उघडत मिटत होता.

"एवढी कुठून आली?" तिने कुजबुजत विचारलं.

"खुळखुळा सुकायला लागला की त्याच्या वासावर येतात. रस चोखायला."

ती ढिगाजवळ मातीतच बसली. पायरीवर नवऱ्याचा श्वास ऐकू येत होता.

"उद्या पण येतील?"

"येतील," म्हातारी म्हणाली. "वास आहे तोवर."