न्यायला आलेला

वळणावर बस पुन्हा थांबली आणि पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने खिडकीबाहेर डोकं काढलं. तो ओकत होता, पण आता कुणी मान वळवूनही पाहत नव्हतं. कालपासून सगळ्यांना सगळ्यांची सवय झाली होती. ओल्या मोज्यांची, डिझेलच्या वासाची, एकमेकांच्या घोरण्याची.

धाकट्याने आखडलेले गुडघे कसेबसे सरळ केले. शेजारी दादा धाकट्याची पाठीवरची बॅग मांडीवर घेऊन बसला होता. बॅगेचा पट्टा उसवला होता, तो शिवत होता. बस घाटात हेलकावे खात होती, तरी टाका सरळ पडत होता. शिंप्याचा हात तो. वर्षानुवर्षं मशीनवर वाकून दादाचे खांदे कायमचे पुढे आले होते. लग्नाचं तर राहूनच गेलं होतं.

नोकरी सोडून धाकटा पाठीवर बिऱ्हाड घेऊन निघाला, त्याला वर्ष होत आलं होतं. मागे बाबा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. दुकान आणि घर, दोन्ही दादाच्या गळ्यात. त्याने दोन कानाखाली वाजवल्या असत्या तरी धाकटा बोलला नसता. पण शोधत शोधत लॉजवर येऊन पोचल्यावर दादा एवढंच म्हणाला होता, "वाळलास रे." तेच धाकट्याला जड जात होतं.

खरं तर न्यायला यायची गरजच नव्हती. पुढच्या महिन्यात परत येतो, असं त्याने आईला फोनवर कबूल केलं होतं. तरी आईने दादाला धाडलं. बाबांना सांभाळायला मावशीला बोलावून घेतलं, पण धाडलं. आपल्या शब्दाची घरात काय किंमत आहे, ते यावरून कळलंच, असं धाकट्याने मनाला लावून घेतलं होतं.

निघायच्या दिवशी दादा पहाटेच उठून एकटा डोंगरावर गेला होता. जेवणाच्या वेळेला उगवला.

"काय पाहिलंस?" धाकट्याने विचारलं.

"काही नाही. चाललो नुसता."

दुपारी बस खिंडीत पोचली. ती इथवरच येत असे. सामान उतरवायचं, सरहद्दीच्या चौकीच्या खिडकीवर पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायचा, पूल चालत ओलांडायचा आणि पलीकडे आपल्या देशाची बस धरायची. वारा अंगाला बोचत होता. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. सगळे इतके आंबले होते की कुणी मध्ये घुसलं तरी भांडायला कुणाच्या अंगात जोर नव्हता.

खिडकी जवळ आली तेव्हा दादा रांगेतून बाजूला झाला.

"तू हो पुढे. मी येत नाही."

धाकटा हसला. दादा कधी थट्टा करत नसे, म्हणून हसला. मग त्याने दादाच्या तोंडाकडे पाहिलं.

"येत नाही म्हणजे?"

"माझा व्हिसा शिल्लक आहे अजून. राहतो थोडे दिवस. फिरतो."

"आणि बाबांचं कोण बघणार?"

"तू. उठवताना आधी डाव्या कुशीवर घे. डावा हात अंगाखाली अडकू देऊ नकोस. दाढीला नाही म्हणतात, तरी करायची."

"दुकान? दादा, मला शिलाई कुठे येते?"

"मलाही येत नव्हती."

आवाजात राग नव्हता. नुसता शीण होता, आणि तो या दोन दिवसांच्या प्रवासाचा नव्हता. मागच्या बाईने धाकट्याला कोपराने ढोसलं. खिडकीतला शिपाई हात पुढे करून थांबला होता. धाकट्याने पासपोर्ट दिला. शिक्का पडला. वळून पाहिलं, तर दादा बॅगेचे पट्टे आवळून ती स्वतःच्या पाठीवर चढवत होता, आणि त्याची कापडी पिशवी धाकट्याच्या पायाशी ठेवलेली होती.

"सांभाळून जा," दादा म्हणाला.

धाकट्याने पिशवी उचलली आणि तो पूल ओलांडू लागला. रागाने डोळे भरून येत होते. न्यायला आलेल्या माणसाने असं मधेच टाकून जावं? आणि आईला काय सांगायचं? ती हाय खाईल. पलीकडच्या चहाच्या टपरीशी फोनला रेंज मिळाली तेव्हा त्याने तीनदा शब्द जुळवले आणि मगच नंबर लावला.

"आई, दादा नाहीये माझ्याबरोबर. तिकडेच राहिला तो. फिरतो म्हणाला."

फोनमधून बाबांचा खोकला ऐकू आला, आणि आईने त्यांना पाणी दिल्याचा आवाज.

"अंगात स्वेटर होता का त्याच्या?" तिने विचारलं.

"होता. पण आई, मला आणायला पाठवलं होतंस ना त्याला?"

"तू तर येणारच होतास," आई म्हणाली. "दुसरं काही सांगितलं असतं तर तो घराबाहेर पडला असता का?"